समोरचं जहाज कुठे असेल?

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश चिलखती क्रूझरांवरची 9.2 इंची तोफ दहा हजार यार्डांपलीकडे गोळा फेकू शके. तो कुठे पडेल, ही गोष्ट वेगळी. दोन जहाजं वीस-वीस नॉट वेगानं समोरासमोर येत असतील, तर अंतर मिनिटाला 1,350 यार्डांनी घटतं. गोळा वीस सेकंद हवेत राहिला, तर तेवढ्यात 450 यार्ड गेले!

बार आणि स्ट्राउड या दोन प्राध्यापकांनी अंतर मोजायचं यंत्र बनवलं होतं. त्यात आडव्या नळीच्या दोन टोकांतून येणाऱ्या प्रतिमा एकमेकींशी जुळवायच्या. पण ते सांगे आत्ताचं अंतर. तोफेला हवं असे गोळा पोचेल तेव्हाचं.

या अडचणीवर ब्रिटिश आरमारातल्या लेफ्टनंट जॉन डुमेरिकनं 1902 च्या सुमारास तोडगा काढला. (इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एस-क्यू आहे, पण उच्चार डुमेरिकच.) त्याच्या यंत्रात एक पट्टी आपल्या जहाजाची, दुसरी शत्रूची. दोघांचा वेग आणि रोख लावायचा, खालची तबकडी लक्ष्याकडे फिरवायची. शत्रूच्या पट्टीचा काटा तबकडीवरच्या रेघांत जिथे टेकेल, तिथे दोन आकडे मिळत: अंतर मिनिटाला किती बदलतंय आणि नेम बाजूला किती सरकवायचा. कागद नाही, पेन्सिल नाही. भूमितीच पितळेत उतरवलेली. इतकी सुटसुटीत हुशारी क्वचितच दिसते.

पण खोट होतीच. शत्रूचा वेग आणि रोख माणसानं डोळ्यांनी अंदाजायचा. शिवाय बदलाचा दर स्वतःच बदलत राही. व्हिकर्स कंपनीचं घड्याळ त्या दराप्रमाणे अंतराचा काटा पुढे सरकवी खरं, पण दर हातानंच पुन्हा पुन्हा लावावा लागे. ही कटकट संपवायला आरमाराबाहेरच्या आर्थर पोलननं आपोआप चालणारी यंत्रणा बांधली. तिच्या चाचण्या ‘नताल’ या चिलखती क्रूझरवर झाल्या. आरमारानं मात्र अखेर आपल्याच अधिकाऱ्याचं, ड्रेयरचं ‘टेबल’ नावाचं यंत्र पसंत केलं. पोलनला 30,000 पौंडांची भरपाई मिळाली ती 1925 मध्ये.

आणि डोळ्यांचं काय? 1 नोव्हेंबर 1914, चिलीजवळची कोरोनेलची लढाई. सूर्य ब्रिटिश जहाजांमागे मावळला. ‘गुड होप’ आणि ‘मॉनमथ’ या चिलखती क्रूझर लालसर आभाळावर ठळक उठल्या. जर्मन ‘शार्नहॉर्स्ट’ आणि ‘ग्नाइझेनाऊ’ किनाऱ्याच्या अंधारात विरल्या. खवळलेल्या समुद्रामुळे ‘गुड होप’च्या खालच्या तोफा निकामी ठरल्या. जर्मनांच्या तिसऱ्याच फैरीनं तिचा पुढचा 9.2 इंची बुरूज बंद पाडला.

दोन्ही ब्रिटिश क्रूझरांवरचा एकही माणूस वाचला नाही.