पुराव्यात आमच्या आयाबहिणी कुठे आहेत?

मुरुड म्हटले की लोकांना जंजिरा आठवतो. आम्ही बोलतो आहोत ते दापोली तालुक्यातले, महर्षी कर्व्यांचे मुरुड. त्यांचे चिरंजीव रघुनाथ १८८२ साली येथे जन्मले. ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात दगावली. याच तालुक्यातले वणंद हे रमाईचे माहेर. रमाई-बाबासाहेबांनी चार लेकरे मातीआड केली. या भागात बाळंतपण आणि मरण किती जवळ होते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

र. धों.नी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना ते रूढी बाजूला ठेवून शास्त्राच्या आधारे उत्तर देत. त्याच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र घेऊन बाबासाहेब कोर्टात उभे राहिले. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला.

पण शास्त्र सांगते म्हणजे कोण सांगते? एक डॉक्टर एक म्हणतो, दुसरा भलतेच. औषध कंपनी तिच्या सोयीचाच अभ्यास पुढे करते. म्हणून पद्धतशीर आढावा घ्यावा लागतो. एखाद्या उपचारावर जगभर झालेल्या सगळ्या चाचण्या, फसलेल्यासुद्धा, ठरलेल्या नियमांनी शोधायच्या, पारखायच्या आणि एकत्र मांडायच्या. आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी हा आग्रह धरला. त्यांच्या नावाची संस्था १९९३ पासून हेच काम करते.

त्या संस्थेच्या बोधचिन्हात एका इंजेक्शनची हकीगत आहे. दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या बाईला स्टिरॉइड दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये पहिली चाचणी झाली. मागून आणखी झाल्या. पण त्या एकत्र कुणी मांडल्याच नाहीत. १९८९ साली आढावा आला तोवर वाचवता आली असती अशी कितीतरी लेकरे गेली.

मग स्वस्त औषध आहे, द्या खेडोपाडी! एवढे सोपे होते का? आधीचा पुरावा बहुतांशी श्रीमंत देशांतल्या मोठ्या इस्पितळांतला. सहा देशांतल्या गावपातळीवरच्या चाचणीत आपले नागपूर आणि बेळगाव होते. निकाल आला आणि सगळे चपापले. लहानखुऱ्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, एकूण नवजात मृत्यू उलट थोडे वाढले. इंजेक्शन दिलेल्या अनेकींची प्रसूती पुढे पूर्ण दिवसांचीच झाली होती. कितवा आठवडा, हे नेमके कळणार कसे?

२०२० साली भारतासह पाच देशांतल्या इस्पितळांचा निकाल आला. तेथे सोनोग्राफीने आठवडे मोजले होते, बाळांची निगा राखायची सोय होती. तेथे त्याच औषधाने बाळे वाचली.

म्हणजे औषध तेच, फरक दवाखान्याचा. नागपूर-बेळगावच्या बाया मोजल्याच नसत्या तर हे उमगले असते का? म्हणून आमचे म्हणणे असे की आढावा हवाच, पण त्यात वाडीवस्तीवरची बाईही हवी. आठवडे नक्की माहीत हवेत, आईला जंतुसंसर्ग नको, बाळाच्या निगेची सोय हवी, या अटी जागतिक आरोग्य संघटनेनेच घातल्या आहेत. आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्या पुऱ्या होतात का, हे कार्यकर्त्यांनी या महिन्यात लेखी विचारावे.