पेशी कमी झाल्या, म्हणजे काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या नाचणगावात शेजारच्या मुलाला डेंग्यूचा ताप आला. कुटुंब हिंदी बोलणारं, वडील पुलगावच्या दारूगोळा भांडारात नोकरीला. रक्ताचा रिपोर्ट वाचून मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "भाभीजी, पेशी बहुत कम हुई है, कल फिर जाँच करवाओ." संध्याकाळी डोकावलो, तर त्या पोराला दूध-केळी भरवत बसलेल्या. "दुबला हो गया है मास्टरजी, खाएगा तो भर जाएगा." अंगावरचं मांस झडलंय, त्याला परत तपासणी कशाला!

इतकी वर्षं विज्ञान शिकवून माझी ही चूक. आपली पेशी ती हिंदीत कोशिका, आणि हिंदीतली पेशी म्हणजे आपला स्नायू.

खरं तर मूळ अर्थाला धरून हिंदीच आहे. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी सांगितल्या आहेत, त्या स्नायूच. आणि तिथले ९०० 'स्नायू' म्हणजे सांधे बांधून ठेवणारे तंतू. म्हणजे मराठीनं दोन्ही शब्द एकेक घर सरकवले! महाभारतात गांधारीच्या पोटी जन्मली तीही मांसपेशीच. तिचेच तुकडे तुपाच्या घड्यांत ठेवले आणि कौरव झाले. वर्गात पेशीविभाजन शिकवताना ही गोष्ट मला हमखास आठवते. संस्कृत कोशांत पेशीचे आणखीही अर्थ आहेत: अंडं, कळी, तलवारीचं म्यान. आवरणात काहीतरी जपून ठेवलेलं, ही कल्पना त्या शब्दात होतीच. नव्या अर्थाला तो म्हणूनच शोभला, असं मला वाटतं.

इंग्रजी 'सेल'पेक्षा तर नक्कीच शोभला. १६६५ साली रॉबर्ट हूकनं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसली, म्हणून त्यानं त्यांना सेल म्हटलं. लॅटिन 'सेला' म्हणजे लहानशी खोली. पण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. त्यानं पाहिल्या त्या नुसत्या भिंती, आतला जीव कधीच गेलेला. रिकाम्या खोलीचं नाव भरल्या घराला मिळालं ते कायमचं.

मराठीतही एकमत नव्हतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मराठी विश्वकोशानं 'कोशिका' वापरली, शाळेच्या पुस्तकांनी 'पेशी'. लोकांच्या तोंडी शाळेचा शब्द बसला. तापाच्या साथीत 'पांढऱ्या पेशी किती?' हे आज आमच्याकडे शेतावरची बाईही विचारते.

त्या संध्याकाळी मी रिपोर्टवर पेन्सिलीनं 'रक्त कोशिका' लिहून दिलं. सकाळी तपासणी झाली आणि आठवड्याभरात पोरगा सायकलवर दिसला. त्याच्या वडिलांना मात्र 'पेशी' ऐकून आधी कोर्टाची तारीखच आठवली होती. वऱ्हाडात आपणही म्हणतोच की, 'आज कोर्टात पेशी आहे.' ती पेशी फारसीतून आलेली; तिचं या पेशीशी काहीच नातं नाही.