तिथं नदी आलं होतं

‘तिथं नदी आलं होतं.’ शाळेच्या वहीत हे वाक्य सापडलं तर बाई त्याखाली लाल रेघ ओढतील. पण सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये नदीला पूर आल्याचं लोक असंच सांगत, आणि त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली लिहिलेल्या एका लेखामुळे तीनेक हजार वस्तीचं हे गाव जगभरच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसलं. जैन आणि लिंगायत घरी कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित वस्तीत मराठी आणि दोर वळणाऱ्या मोजक्या घरांत तेलुगू. गावातल्या बहुतेक पुरुषांना यातल्या दोन-तीन भाषा सहज येत. कन्नडमध्ये लिंगाचा हिशेब सरळ आहे: पुरुष पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी आणि उरलेलं सगळं जग नपुंसकलिंगी. कुपवाडच्या मराठीनं तो हिशेब उचलला, म्हणून नदी ‘आलं’.

देवघेव एकाच बाजूनं झाली नाही. गुरांना पाला आणणारा मराठी माणूस म्हणे, ‘पाला जरा कापून घेऊन आलो.’ उर्दू बोलणारा म्हणे, ‘पाला जरा काट के ले के आया.’ कन्नड वाक्याचीही बांधणी हीच, फक्त शब्द कन्नड. एका भाषेतला शब्द काढावा, त्याच जागी दुसऱ्या भाषेतला बसवावा आणि वाक्य तयार! जिथं पिढ्यान्‌पिढ्या एका बांधावर काम चालतं तिथं असं होणारच, असं आपण म्हणू. मला खरा प्रश्न पुढचा वाटतो. इतकं सगळं एक झालं, तर शब्द वेगळे का उरले? चार भाषांची एकच खिचडी का झाली नाही?

गम्पर्झ-विल्सन यांचं उत्तर घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतं. शेतात, दुकानात, चावडीवर सगळ्यांशी बोलावंच लागे, आणि तिथं बहुधा मराठी चाले. गावातल्या वजनदार गटांपैकी कुणाचीच ती घरची भाषा नव्हती, त्यामुळे ती वापरण्यात कुणी कुणापुढे वाकल्यासारखं होत नसे. घरात मात्र आपली जात, आपला धर्म, आपली माणसं. तिथले शब्द सोडणं म्हणजे आपण कोण हेच सोडणं. समोरच्याच्या जवळ जायचं आणि तरीही आपण आपणच राहायचं, या दोन्ही ओढी या गावानं एकाच वाक्यात बसवल्या होत्या.

या ओढी मोजता येतात हे त्याआधीच एका तरुण अमेरिकी संशोधकानं दाखवून दिलं होतं. १९६२च्या नोव्हेंबरमध्ये विल्यम लबॉव्ह न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत हिंडले: श्रीमंतांचं सॅक्स, मध्यमवर्गाचं मेसीज आणि स्वस्तातलं एस. क्लाइन. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू हेरायची आणि ती कुठं मिळेल असं विक्रेत्याला विचारायचं. उत्तर येई, ‘फोर्थ फ्लोअर.’ मग ऐकू न आल्यासारखं करायचं, की समोरचा तेच शब्द जरा सावरून पुन्हा म्हणे. नंतर नजरेआड जाऊन टिपून ठेवायचं: या दोन शब्दांतला ‘र’ उच्चारला की गिळला? अशा २६४ जणांची नोंद झाली. एकदा तरी ‘र’ उच्चारणारे सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ आणि क्लाइनमध्ये २० टक्के निघाले.

गंमत अशी की हे सगळे विक्रेतेच होते, गिऱ्हाइकं नव्हेत. सॅक्समधल्यांचा पगार काही जास्त नव्हता, उलट मेसीजमध्ये तो बरा असं मानलं जाई. तरी श्रीमंत गिऱ्हाइकाची ऐट काउंटरमागच्या माणसाच्या जिभेवर उतरली होती. दुसऱ्यांदा विचारल्यावर मेसीजवाले पहिल्यापेक्षा बरेच अधिक ‘र’ काढू लागले, सॅक्सवाल्यांत तेवढा फरक पडला नाही. ज्याला आपल्या बोलण्याची खात्री असते तो कशाला सावरेल?

या ‘र’मध्ये मुळात थोर असं काही नाही. अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेलात तर तिथल्या प्रतिष्ठित बोलीत हाच ‘र’ गिळतात. आपल्याकडे ही जागा ‘ण’नं घेतली आहे. ‘पानी’ म्हणणाऱ्याची तहान ‘पाणी’ म्हणणाऱ्यापेक्षा कमी नसते, पण मुलाखतीच्या खोलीत पहिल्याच वाक्याला समोरच्यांच्या भुवया कुठं जातात ते अनेकांनी अनुभवलं असेल. ‘शुद्ध’ हा शब्द मी म्हणूनच जपून वापरतो.

समोरच्याप्रमाणे बोलणं बदलणं, हे आपण ठरवून करतो का? फारसं नाही, कारण ठरवायला वेळच नसतो. दहा वेगवेगळ्या भाषांतल्या संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो, असं त्यात दिसलं. एक शब्द मनात जुळवून तोंडातून काढायलाच याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार होत असतं, आणि त्याचा सूर, वेग, उच्चार त्यात नकळत झिरपतात. गावाकडचा फोन आला की आवाज बदलतो तो असा.

पण माणूस म्हणजे नुसता आरसा नव्हे. हॉवर्ड जाइल्स आणि रिचर्ड बूर्हिस यांनी १९७७ साली मांडलेला वेल्समधला प्रयोग पाहा. वेल्श शिकायला आलेल्या प्रौढांना ध्वनिफितीवरून प्रश्न विचारले जात होते. विचारणाऱ्याचा उच्चार उच्चभ्रू इंग्रजी वळणाचा. मध्येच त्यानं विचारलं, भवितव्य नसलेली ही मरती भाषा तुम्ही शिकताच कशाला? उत्तरं इंग्रजीतच आली, पण अनेकांचा वेल्श हेल एकदम ठसठशीत झाला. काहींनी मध्येच वेल्श शब्द पेरले. एका बाईंनी तर काही वेळ उत्तरच दिलं नाही, आणि मग मायक्रोफोनमध्ये शांतपणे एक वेल्श क्रियापद चालवून दाखवलं, तेही चारचौघांत न चालणारं. मला या बाई फार आवडतात. प्रयोगशाळेतल्या त्या खुर्चीत त्यांच्यावर कुणाचा दाब नव्हता, जवळ जायचं की लांब सरकायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलं.

कुपवाडची गोष्ट मात्र १९७१मध्ये थांबलेली नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्रज्ञ सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चार दशकांनी तिथली भाषा पुन्हा तपासली. शब्दाच्या जागी शब्द बसवला की भाषांतर झालं, या जुन्या चित्राकडे त्यांनी चिकित्सकपणे पाहिलं. दरम्यान गावाशेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि कुपवाड सांगली-मिरजेबरोबर महापालिकेत गेलं. आता तिथलं मूल कन्नड घरातलं असो की उर्दू, त्याच्या मराठीच्या पुस्तकात नदी ‘आली’ असंच छापलेलं असतं.