लायरा उत्तरेला निघते तेव्हा

नार्नियाचं कपाट तुम्हाला आठवत असेल. ल्युसी कोटांच्या मागे मागे सरकत जाते आणि तिच्या पायाखाली एकदम बर्फ लागतो. फॅन्टसीतला बहुधा सगळ्यात फेमस हिवाळा. आता दुसरं कपाट बघा. ऑक्सफर्डच्या जॉर्डन कॉलेजात एक खोली आहे, तिथे बायकांना पाऊल टाकायला बंदी. साफसफाईलासुद्धा बाई येत नाही. अकरा-बारा वर्षांची लायरा बेलाक्वा तिथल्या कपाटात लपलीय. पण या कपाटाच्या मागे कुठलंही जादूचं जग उघडत नाही. कपाटात शिरण्याआधी, खुर्चीमागे लपून तिने पाहिलंय ते एवढंच, की कॉलेजचे प्रमुख वाइनच्या भांड्यात पांढरी पूड मिसळताहेत. आणि ती वाइन तिच्या काकांना दिली जाणार आहे.

फिलिप पुलमन यांची 'नॉर्दर्न लाइट्स' इथून सुरू होते. १९९५ची ही कादंबरी अमेरिकेत 'द गोल्डन कम्पास' नावाने आली. 'हिज डार्क मटेरिअल्स' या त्रयीतली ही पहिली. बरेच जण तिला 'मुलांचं पुस्तक' म्हणून बाजूला ठेवतात, आणि कॉलेजात आलं की राहूनच जाते. माझं मत विचाराल तर ती नीट कळते ती अठरा-वीसच्या वयातच. का, ते सांगते. (पुढे स्पॉयलर आहेत. शेवटसुद्धा सांगणार आहे, तो सांगितल्याशिवाय बोलताच येत नाही.)

आधी डीमन म्हणजे काय ते बघू. राक्षस-बिक्षस नाही. लायराच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत वावरतो. तो बोलतो, भांडतो, घाबरतो. दोघांमध्ये थोडं जरी अंतर पडलं तरी दोघांच्या छातीत कळ येते. दुसऱ्याच्या डीमनला हात लावणं म्हणजे तर महापातक. लायराच्या डीमनचं नाव पँटालायमन, लाडाने पॅन. लहान मुलांचे डीमन सारखे रूप बदलतात. पॅन घडीत पतंग होतो, घडीत रानमांजर, झोपताना पांढरा अर्मिन. वयात आलं की मात्र डीमन एकाच रूपात स्थिर होतो, कायमचा. मग तुम्हाला सिंह हवा असो नाहीतर गरुड, कुत्रा मिळाला तर कुत्र्यासोबत राहायचं. स्ट्रीम निवडून झालेल्या, 'आपण नक्की कोण' या प्रश्नावर रात्र रात्र जागणाऱ्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तर या जगातून मुलं गायब होऊ लागतात. लायराचा जिगरी दोस्त, कॉलेजच्या किचनमधला रॉजर, तोही जातो. ती त्याला शोधायला निघते. वाटेत बोटींवर राहणारे जिप्शियन लोक भेटतात, त्यांचीही पोरं पळवली गेलीत. ते जहाज घेऊन लॅपलँडला निघतात, लायरा सोबत जाते. तिथे तिला भेटतो योरेक बर्निसन, बोलणारं, चिलखत घालणारं ध्रुवीय अस्वल. हद्दपार झालेला, दारूवर लोहारकाम करणारा. फुग्यातून उडणारा टेक्सन ली स्कोर्सबी भेटतो, चेटकिणींची राणी भेटते. इथपर्यंत सगळं मस्त अ‍ॅडव्हेंचर आहे, पानं भराभर उलटतात.

यातली थंडी नुसती डेकोरेशनची नाही. लॅपलँडला उतरल्यावर पहिलं काम काय, तर रेनडिअरच्या कातड्याचे कपडे, बूट, हातमोजे घ्यायचे. पुढचा मुक्काम स्वालबार्ड, आणि ती काल्पनिक जागा नव्हे. नॉर्वेच्या ताब्यातला हा द्वीपसमूह खरोखर आहे. तिथल्या लाँगइयरब्येन गावात ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. गावाबाहेर पडायचं तर अस्वलांना पळवून लावायचं साधन जवळ लागतं. आपल्या शेजारच्या गोव्यातूनही लोक तिथे जातात बरं का! वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं 'हिमाद्री' हे स्टेशन २००८पासून स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंडमध्ये आहे, ७९ अंश उत्तरेला. आधी तिथलं काम मुख्यतः उन्हाळ्यात चालायचं. डिसेंबर २०२३मध्ये पहिली हिवाळी तुकडी गेली.

पण या पुस्तकात लोक थंडीने मरत नाहीत, आणि मुद्दा तोच आहे.

एका प्रसंगापाशी थांबायलाच हवं. लायराला कळतं, की जवळच्या गावात काहीतरी भूत आहे आणि गावकरी त्याला टरकून आहेत. योरेकच्या पाठीवर बसून ती जाते. मासे सुकवायच्या शेडमध्ये एक मुलगा अंग चोरून बसलाय. टोनी मकारिओस, लंडनच्या गरीब वस्तीतला. पुस्तकात आधी आपण त्याला पाहिलेलं असतं. फर कोट घातलेली एक सुंदर बाई त्याला गरम चॉकलेटचं आमिष दाखवून नेते. इतर मुलांसोबत बसवून त्यांची घरी पाठवायची पत्रं लिहून घेते आणि मग ती पत्रं शांतपणे भट्टीत टाकते. आता त्या मुलाचा डीमन नाही. कापून वेगळा केलाय. त्याच्या जागी त्याने एक सुका मासा छातीशी घट्ट धरलाय.

लायरालाही पहिल्यांदा किळसच येते. डीमन नसलेलं माणूस म्हणजे चेहरा नसलेलं माणूस. तरी ती त्याला घेऊन येते. रात्रीत तो मरतो. सकाळी तिला कळतं, की कुणीतरी तो मासा काढून कुत्र्यांना टाकला. ती अशी काही भडकते, की भलीमोठी माणसं गप्प होतात. त्याच्यापाशी तेवढंच तर होतं! मग ती आपल्याकडचं सोन्याचं नाणं काढते, त्यावर त्याच्या डीमनचं नाव कोरते आणि त्याच्या तोंडात ठेवते. जॉर्डनच्या तळघरात मोठमोठ्या विद्वानांच्या कवट्यांसोबत अशीच नाणी तिने पाहिलेली असतात. टवाळखोरी म्हणून एकदा अदलाबदलही केलेली असते. जो मान विद्वानांना, तोच ती एका रस्त्यावरच्या पोराला देते.

हा मासा मला थेट हान्स अँडरसनकडे घेऊन जातो. त्याच्या १८४४च्या 'हिमराणी'त गेर्डा नावाची मुलगी तिच्या मित्राला, काईला, शोधत असंच लॅपलँड ओलांडते. तिथली म्हातारी कागद नाही म्हणून सुकलेल्या कॉडवर निरोप लिहून देते. पुढच्या बाईने तो वाचून झाल्यावर मासा सरळ पातेल्यात टाकला! आणि हिमराणीचा महाल कुठे? स्पिट्सबर्गनवर, म्हणजे स्वालबार्डच्याच मोठ्या बेटावर. वाट एकच. पण गेर्डा शेवटी बूट-मोजे विसरून बर्फात अनवाणी धावते आणि तिच्या अश्रूंनी काई वाचतो. लायराच्या वाटेवर अश्रू कामाला येत नाहीत.

कारण मुलं ठेवलीत ते बोल्व्हँगार हे ठिकाण म्हणजे काळोखी गुहा नव्हे. स्वच्छ आहे, उबदार आहे, लख्ख दिवे आहेत. नर्स गोड बोलतात, जेवण वेळेवर मिळतं. आणि तिथे चंदेरी पात्याच्या यंत्राने मुलं आणि डीमन वेगळे केले जातात. सगळं अर्थातच मुलांच्या भल्यासाठी. मोठेपणी येणाऱ्या पापाच्या, मोहाच्या त्रासातून त्यांची आधीच सुटका! हे चालवणारी मिसेस कोल्टर म्हणजे तीच फर कोटवाली बाई. सुंदर, हुशार, सुगंधी, खांद्याशी सोनेरी माकड. लायरा काही दिवस तिच्या प्रेमातच असते, आणि वाचणारेही. ती लायराची आई आहे हे नंतर कळतं. पातं लायरावर पडणार असतं तेव्हा ती धावत येऊन वाचवते. म्हणजे हे किती भयंकर आहे ते तिला पक्कं ठाऊक आहे. फक्त दुसऱ्यांच्या मुलांसाठी चालतं.

अशा माणसांशी लढायला लायराकडे तलवार नाही. ती खोटं बोलते, आणि अप्रतिम बोलते. चिलखती अस्वलाला फसवता येत नाही, हे योरेकने तिला काठीने खेळून दाखवून दिलेलं असतं. तरी स्वालबार्डचा राजा योफर तिच्या थापांना फसतो. कारण त्याला माणूस व्हायचंय, स्वतःचा डीमन हवाय. जे आपण नाही ते व्हायची हौस जिथे सुरू होते, तिथेच त्याचं चिलखत उघडं पडतं. पुस्तकातला हा माझा सगळ्यात आवडता डाव.

आणि मग शेवट. लायराजवळ अलेथिओमीटर आहे, छत्तीस चिन्हांचं सत्य सांगणारं यंत्र. त्याला विचारत विचारत ती रॉजरला सोडवते आणि त्याला घेऊन लॉर्ड अ‍ॅझ्रिएलपर्यंत पोचते. हेच ते काका, खरं तर तिचे वडील. दारात तिला बघून तो हादरतो, आणि मागे उभा असलेला रॉजर दिसल्यावर सावरतो. त्याला दुसऱ्या विश्वाचा दरवाजा उघडायला एक मूल हवं असतं. कुठलंही. तिने हजारो मैलांवरून, एवढा बर्फ तुडवून, मित्राला स्वतःच्या हाताने तिथे आणून पोचवलेलं असतं. यंत्र खोटं बोलत नाही, पण ते विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतं. वडिलांबद्दल हा प्रश्न विचारायचं तिला सुचणार कसं?

२००७च्या सिनेमाने हा शेवटच गाळला आणि लायराला आशेने उडत्या फुग्यात ठेवून पडदा पाडला. निकोल किडमनची मिसेस कोल्टर झकास होती, पण सिनेमा पोकळ झाला आणि पुढचे भागही आले नाहीत. २०१९ ते २०२२ची तीन सीझनची मालिका जास्त प्रामाणिक आहे.

त्रयी संपवलीत तर पुढे 'द सीक्रेट कॉमनवेल्थ' वाचा. त्यात लायरा वीस वर्षांची आहे, ऑक्सफर्डमध्ये शिकतेय, फॅशनेबल बुद्धिवादी पुस्तकांवर फिदा आहे. पॅनशी तिचं धड बोलणंही होत नाही. एक दिवस चिठ्ठी ठेवून तो तिला सोडून निघून जातो. बोल्व्हँगारच्या पात्याला जे जमलं नाही, ते इथे पात्याशिवाय होतं. या गोष्टीचा शेवट वाचायला वाचकांना सहा वर्षं थांबावं लागलं. 'द रोझ फील्ड' २०२५च्या ऑक्टोबरमध्ये आलं. तुम्हाला तेवढं थांबायची गरज नाही.