टँकरवरचा कॅप्टन माजेद

२००४ साली इराकच्या समावा शहरात पाण्याचे टँकर फिरायचे आणि त्यांच्यावर फुटबॉल खेळणारा एक कार्टून पोरगा झळकायचा. जपानचा ‘कॅप्टन त्सुबासा’! अरब देशांतली मुलं त्याला ‘कॅप्टन माजेद’ म्हणून ओळखत, त्यामुळे टँकर कुणाचा हे सांगावंच लागत नसे.

जपानच्या राज्यघटनेचं ९ वं कलम युद्धाचा मार्ग नाकारतं. तरीही ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर जपानने खास कायदा केला आणि त्याच्या नौदलाची जहाजं हिंदी महासागरात मित्रदेशांच्या युद्धनौकांना इंधन पुरवू लागली. मधला थोडा खंड सोडला तर २०१० पर्यंत हे काम चाललं.

समावातली कामगिरी त्याहून अवघड. तिथे जपानचे सुमारे ६०० सैनिक पाणी शुद्ध करायचे, शाळा आणि रस्ते दुरुस्त करायचे, दवाखान्यांना मदत द्यायचे. आसपासच्या सुरक्षेची जबाबदारी आधी डच, मग ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन फौजांवर! यावर टीका झाली, पण घटनेची चौकट पाळून मदत करायची तर दुसरा मार्ग नव्हता.

छावणीवर अनेकदा तोफगोळे आणि रॉकेटं आली. जुलै २००६ मध्ये तुकडी माघारी गेली, तोवर हल्ल्यात तिचा एकही सैनिक दगावला नव्हता.