चित्र, ध्वनी आणि शिक्षक

एकाच वर्गात बसणारी मुले एकाच परिस्थितीतून आलेली नसतात. कोणाच्या घरी पुस्तके असतात, तर कोणी घराण्यात प्रथमच अक्षर गिरवीत असतो. कोणाची घरची बोली पाठ्यपुस्तकाच्या भाषेहून वेगळी असते. कोणाला कमी दिसते, तर कोणाला कमी ऐकू येते. केवळ छापील मजकूर या सर्वांपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच चित्रे, नकाशे, प्रतिकृती, ध्वनिफिती, चित्रफिती अशी दृक्-श्राव्य साधने अध्यापनात वापरली जातात.

भारतात या साधनांचा एक मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. अमेरिकेच्या ‘नासा’ने एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उपलब्ध करून दिला आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचविले. तेव्हा मध्य प्रदेशात असलेला रायपूरचा परिसर हा या प्रयोगाच्या सहा क्षेत्रांपैकी एक होता. गावात सार्वजनिक जागी संच बसविलेला असे. तारेच्या जाळीची थाळीसारखी अँटेना उपग्रहाकडून थेट संदेश ग्रहण करी. पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी रोज सकाळी साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम असे.

या साधनाचे सामर्थ्य उघड होते. रायपूरपासून समुद्र दूर आहे. तेथील मुलाला ‘लाट’ शब्दांनी कितीही समजावली, तरी ती उसळताना पाहिल्यावरच तिचा अर्थ मनात ठसतो. वाचता न येणाऱ्या मुलालाही हे ज्ञान खुले होते.

परंतु मर्यादाही होत्या. हिंदी कार्यक्रम राजस्थान, बिहार व मध्य प्रदेशासाठी सामाईक होते, तर रायपूरच्या खेड्यांतील मुले घरी छत्तीसगढी बोलत. शिवाय, एखाद्याला समजले नाही म्हणून प्रक्षेपण थांबत नसे. मुलांच्या भाषाविकासात व जिज्ञासेत वाढ दिसली. मात्र तेवढ्याने शाळेची पटसंख्या वाढली नाही. याच प्रयोगात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण देताना दूरदर्शनला आकाशवाणी, छापील साहित्य आणि चर्चा यांची जोड देण्यात आली. एकच माध्यम पुरेसे नसते, हे त्यातून स्पष्ट होते.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य निर्माण झाले आणि रायपूर त्याची राजधानी झाली. २० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद असताना राज्यात ‘पढई तुंहर दुआर’ ही ऑनलाइन योजना सुरू झाली. जेथे इंटरनेट नव्हते, तेथे ‘बुलटू के बोल’ या उपक्रमातून ब्लूटूथद्वारे ध्वनिपाठ एका मोबाइलमधून दुसऱ्यात पाठविले गेले. तेथे साध्या साधनानेच काम भागले.

साधनाची निवड शिकणाऱ्याच्या गरजेवरून करावी. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चित्राचे तोंडी वर्णन करावे व हाताने चाचपता येईल असा उठावाचा नकाशा द्यावा. ऐकू न येणाऱ्यासाठी चित्रफितीखाली मजकूर किंवा सांकेतिक भाषा हवी. बोली वेगळी असल्यास नवे शब्द आधी त्या बोलीत सांगावेत. पाठ सावकाश समजणाऱ्यासाठी चित्रफीत मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत व तो भाग पुन्हा दाखवावा.

कोठे थांबायचे, हे पडद्याला कळत नाही. ते मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहणाऱ्या शिक्षकालाच कळते.