ओझं असतं ते काचेचं

दसरा-दिवाळीच्या सवलती लागल्या की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "ट्रेकला न्यायला कॅमेरा घ्यायचाय. क्वालिटी एक नंबर पाहिजे, पण जड नको." या मागणीत फोटोग्राफीचा दीडशे वर्षांचा झगडा भरलेला आहे, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसतं.

सॅम्युएल बोर्न हा इंग्रज फोटोग्राफर १८६३ साली सिमल्याहून हिमालयात शिरला, तेव्हा त्याच्यासोबत तीसेक हमाल होते. तेव्हाची पद्धत ओल्या कलोडियनची. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. म्हणजे जिथे फोटो तिथेच अंधारा तंबू, बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या. १८६६ साली तो हा सगळा संसार घेऊन मणिरंग खिंडीत, साडेअठरा हजार फुटांच्या आसपास पोहोचला. त्या चित्रांमधला तपशील आजही थक्क करतो. ओझं त्याने नव्हे, हमालांनी वाहिलं होतं, हे मात्र त्याच्या कौतुकात सहसा येत नाही.

स्वतःच्या पाठीवर ओझं घ्यायची वेळ आली की माणूस वेगळा विचार करतो. जर्मनीतल्या वेट्झलर गावी लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. डोंगरात फिरायची आवड आणि दम्याचा त्रास, असा त्याचा योग. प्लेटचा कॅमेरा घेऊन चढण झेपेना, म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म छोट्या डब्यात बसवली. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची. तपशील जरा तरी टिकावा म्हणून त्याने ती दुप्पट केली: २४ बाय ३६. नमुना १९१४ च्या सुमारास तयार झाला, मध्ये महायुद्ध गेलं आणि १९२५ साली 'लायका' बाजारात आला. तेव्हाचे व्यावसायिक फोटोग्राफर त्या आकाराला 'मिनिएचर' म्हणून नाकं मुरडत.

गंमत बघा. तोच २४ बाय ३६ चा तुकडा आज 'फुल फ्रेम' म्हणून मिरवतो आणि दुकानदार तो दर्जाचा कळस म्हणून विकतो. एका दमेकऱ्याने वजन वाचवण्यासाठी काढलेली ही तडजोड आहे. त्यामुळे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर घेतला म्हणजे आपण काही पाप करतो, असं कुणी वाटून घेऊ नये.

पण मोठ्या सेन्सरला काही अर्थच नाही, असंही नाही. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी प्रकारच्या सेन्सरचं सुमारे ३६७, मायक्रो फोर थर्ड्सचं २२५ आणि बऱ्याच महागड्या फोनांच्या मुख्य सेन्सरचं जेमतेम ७० च्या आसपास. अॅपर्चर आणि शटर तेच ठेवलं तर मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश जास्त पडतो. प्रकाश चौपट झाला की सिग्नल आणि नॉइजचं प्रमाण दुपटीने सुधारतं. म्हणून फुल फ्रेम आणि मायक्रो फोर थर्ड्स यांच्यात साधारण दोन स्टॉपचा, म्हणजे जवळपास चौपट प्रकाशाचा, फरक मानतात. संध्याकाळी देवळाच्या गाभाऱ्यात समईच्या उजेडात फोटो काढा, फरक डोळ्यांना दिसतो. दुपारी बारा वाजता रायगडावर काढा, तो शोधावा लागतो.

खरेदी करणारे बहुतेक जण बॉडीच्या वजनावर अडून बसतात, आणि माझ्या मते चूक होते ती इथेच. ओझं असतं ते काचेचं. एक हिशेब मांडून दाखवतो. सोनीची ए७ फोर ही फुल फ्रेम बॉडी ६५८ ग्रॅमची. तिला त्यांची २४-७० एफ/२.८ ची दुसऱ्या पिढीतली जीएम लेन्स लावली की आणखी ६९५ ग्रॅम, म्हणजे साडेतेराशे ग्रॅम गळ्यात. त्याच कंपनीची ए६७०० ही एपीएस-सी बॉडी ४९३ ग्रॅमची. तिला सिग्माची १८-५० एफ/२.८ लावली तर सगळं मिळून पावणेआठशेच्या आसपास. इथवर आपल्या अपेक्षेप्रमाणेच झालं. आता ए७सी टू ही फुल फ्रेम बॉडी घ्या, ५१४ ग्रॅम, आणि तिला १६७ ग्रॅमची साधी २८-६० लेन्स लावा. बेरीज ६८१. मोठा सेन्सर, तरी संच लहान सेन्सरवाल्यापेक्षा हलका! फक्त ती लेन्स एफ/४ ते ५.६ ची आहे. जे वजन वाचलं, ते अंधारात मोजून द्यावं लागतं.

लांबच्या लेन्समध्ये तर हा मामला अगदी उघडा पडतो. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागलं की प्रकाश आत येण्याचं तोंड किती रुंद ते कळतं. ६०० एमएम एफ/४ ला १५० मिलिमीटरचं तोंड लागतं. सोनीची अशी लेन्स ३ किलो ४० ग्रॅम भरते. निकॉनची ६०० एमएम एफ/६.३ आहे, तिला ९५ मिलिमीटर पुरतात, आणि वजन ट्रायपॉड-कॉलरसकट १ किलो ४७० ग्रॅम. कॅननची ६०० एमएम एफ/११ तर ९३० ग्रॅममध्ये आटोपते, पण एफ/४ च्या मानाने सेन्सरवर प्रकाश सातव्या हिश्श्याहूनही कमी. ओएम सिस्टिमची ३०० एमएम एफ/४ लहान सेन्सरवर ६०० सारखीच चौकट देते. तिचं तोंड ७५ मिलिमीटरचं, वजन कॉलरसकट १ किलो ४७५, जवळजवळ त्या निकॉनइतकंच. कंपन्या जाहिरातीत काहीही म्हणोत, रुंद तोंडाला मोठी काच लागते आणि मोठी काच जड असते.

म्हणूनच दुकानात विचारायचा पहिला प्रश्न 'कुठला कॅमेरा' हा नाही. आपला विषय किती लांब असतो आणि किती अंधारात असतो, हे आधी स्वतःला विचारायचं. जवळचा, उजेडातला विषय असेल तर हलकं सामान घेऊन जवळपास काहीच गमवावं लागत नाही. लांबचा आणि काळोखातला असेल तर किलोच्या किलो मोजावे लागतात, पळवाट नाही.

ताडोब्यात जिप्सीत बसून जायचं असतं. बीनबॅगवर तीन किलोची लेन्स ठेवली काय नि एक किलोची ठेवली काय, पाठीला काही फरक पडत नाही. पहाटेच्या अंधूक उजेडात वाघ रस्त्यावर आला तर तो एफ/४ कामी येतो. भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीतून रोहित टिपायचे असतील तर गणित बदलतं. होडी हलते, ट्रायपॉडचा उपयोग नाही, थवा उडाला की लेन्स हातात धरून फिरवावी लागते. तिथे दीड किलोवाला तीन किलोवाल्याच्या पुढे जातो, कारण त्याचे हात अजून शाबूत असतात.

वारीत तर एकाच दिवसात दोन्ही टोकं भेटतात. दिंडीत चालताना पावसात भिजलेल्या माणसाच्या तोंडासमोर भलीमोठी लेन्स आली की तो सावध होतो, पदर सावरला जातो, हसू बदलतं. तिथे रिकोच्या जीआर थ्रीसारखा २५७ ग्रॅमचा कॅमेरा बरा. खिशातून निघतो, खिशात जातो, आणि आत एपीएस-सी आकाराचा सेन्सर आहे, म्हणजे दर्जाची ओरड नाही. "माउली, जरा बाजूला" असं कुणाला म्हणावंही लागत नाही. पण रिंगणातला अश्व या कॅमेऱ्याने धरता येत नाही. गर्दीच्या कडेने धावणारा घोडा टिपायला टेली लेन्स आणि चपळ ऑटोफोकस लागतो. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही बसवायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतं. त्यापेक्षा यंदा चेहरे की रिंगण, हे घरून निघतानाच ठरवावं.

नाशिककडच्या हरिहरला जे गेलेत त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. कड्यात कोरलेल्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या, हात रोवायला पायरीत खोबण्या. अशा जागी गळ्यातला कॅमेरा पोटापुढे लोंबतो, पाऊल उचललं की गुडघ्याला लागतो आणि पुढे वाकलं की लेन्सचं तोंड कातळावर आपटतं. चढताना दोन्ही हात अडकलेले, म्हणून कॅमेरा सॅकमध्ये जातो आणि सॅकमध्ये गेलेला कॅमेरा माथा येईपर्यंत बाहेर येत नाही. फोटो मात्र मधल्या पायऱ्यांवरच असतो: वरच्या माणसाची टाच, खालची दरी. छातीवरच्या लहान पाऊचमध्ये मावेल तोच कॅमेरा तिथे चालतो. वजनापेक्षाही आकार आणि तो कुठे अडकवलाय, हे इथे महत्त्वाचं.

कॅमेरा चढतानाही हाताशी हवा, या एका तत्त्वावर अमेरिकी गिर्यारोहक फोटोग्राफर गॅलन रॉवेल याचं सगळं काम उभं होतं. त्याच्या देशात निसर्गचित्रणाची परंपरा ॲन्सेल ॲडम्ससारख्यांच्या मोठ्या, ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यांची. रॉवेल ३५ मिलिमीटरवाला. १९८१ साली ल्हासात त्याला इंद्रधनुष्य दिसलं. इंद्रधनुष्य एका जागी नसतं, आपण सरकलो की तेही सरकतं. ते पोताला राजवाड्यावर टेकावं म्हणून रॉवेल धावत सुटला, साडेतीन हजार मीटरहून जास्त उंचीवर, आणि जागा गाठून त्याने तो फोटो घेतला. मोठा कॅमेरा घेऊन हे जमलं नसतं. उलट बाजूही सांगायला हवी. ॲडम्सचे प्रिंट भिंतभर मोठे केले तरी खडकाचा कण न् कण दिसतो. रॉवेलची स्लाइड तेवढं सोसत नाही.

तेव्हा दुसरा प्रश्न: आपला फोटो शेवटी दिसणार कुठे? ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयने छापायला २४८० बाय ३५०८, म्हणजे ८७ लाख पिक्सेल पुरतात. तुमच्या हातातल्या या अंकाच्या अख्ख्या पानाला बारा मेगापिक्सेल म्हणजे चैन. फोर-के टीव्हीचा पडदासुद्धा ८३ लाखांचा. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय ३६ इंचांचं जोडपान म्हटलं तर ३९ मेगापिक्सेलच्या घरात जातं, पण त्यावर एकच फोटो क्वचित असतो. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स तर फोनमधल्या सेल्फीवर निघतो आणि रस्त्यापलीकडून खुशाल चालून जातो. व्हॉट्सॲपबद्दल बोलायलाच नको. साठ मेगापिक्सेलची फाइल तिथून पलीकडे पोहोचते ती दाबून-चेपून.

मग फोनच का नको? चांगल्या उजेडात, वाइड चौकटीत, नकोच म्हणायचं कारण नाही. आजचे फोन एका क्लिकमागे अनेक फ्रेम घेऊन एकत्र करतात आणि लहान सेन्सरची उणीव बरीचशी भरून काढतात. कास पठारावर तर लहान सेन्सरची बाजू वरचढ ठरते. फोकसची खोली जास्त मिळत असल्याने जवळचं फूलही नीट दिसतं आणि मागचा फुलांचा गालिचाही ओळखू येतो. फुल फ्रेमला त्यासाठी अॅपर्चर बरंच बंद करावं लागतं. फोन हरतो तो दूरच्या पाखरावर, पळत्या मुलावर आणि दिवेलागणीनंतर. जास्त झूम केलेल्या फोनच्या फोटोत पिसांचं तैलचित्र झालेलं दिसतं. भंडारदऱ्याचे काजवे हा आणखी वेगळा मामला. तिथे ट्रायपॉड आणि लांब एक्स्पोजर हवंच, अंधारात उभं राहून अर्धा तास जाणार असतो. एरवी विषय स्थिर आणि कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर लहान सेन्सरवालाही आयएसओ खाली ठेवून शटर लांबवू शकतो आणि मोठ्या सेन्सरचा फायदा पुष्कळसा मिटतो. फक्त मग ट्रायपॉडचं वजन हिशेबात धरायचं, जे लोक हमखास विसरतात.

जाता जाता आपल्याकडच्या पावसाबद्दल. कोकणात नि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, आणि ती आतल्या काचेवर चढली की काढायचा खर्च बोचतो. पाच-सहा लेन्सचा संसार असेल तर ड्राय कॅबिनेट लागतं. एक बॉडी, दोन लहान लेन्स असतील तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या यांत भागतं. हलकं सामान सांभाळायलाही हलकं.

आता माझं मत, ज्याला पटेल त्याने घ्यावं. सह्याद्रीत चालणाऱ्याने बॉडी, लेन्स, बॅटरी, पिशवी सगळं धरून एक किलोची मर्यादा घालावी. एपीएस-सी बॉडी, एक लहान झूम आणि जमल्यास ३५ एमएमच्या आसपासची एक लहान प्राइम. पक्षी हाच ध्यास असेल तर बॉडीवर काटकसर करून पैसे लेन्समध्ये घालावेत आणि दीड-दोन किलोच्या टप्प्यात थांबावं. लग्नाची, रंगमंचाची कामं घेणाऱ्याने फुल फ्रेम आणि एफ/२.८ च्या लेन्स घ्याव्यात, खांदे दुखले तरी. त्याचं गिऱ्हाईक 'उजेड कमी होता' हे ऐकून घेत नाही. आणि ज्याचे सगळे फोटो फोनच्या पडद्यावरच राहणार आहेत, त्याने यंदा कॅमेरा घेऊच नये. ते पैसे प्रवासाला लावावेत.

मुंबई-पुण्यात बॉडी आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. मनात भरलेला संच एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणा, सॅकमध्ये पाणी, डबा, रेनकोट नेहमीसारखा भरून एखादा गड चढा, आणि घरी आल्यावर आवडलेला एक फोटो १२ बाय १८ इंचांत छापून घ्या. पैसे भरायचे ते त्यानंतर.